घायपाताची शांतता

चौथीच्या मुलांवर आणि माझ्या धाकट्या मामांवर अन्याय झाला तो गेल्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत. बाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवल्याची ही शिक्षा. शांततेवर इतका जीव टाकणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मामांचा डावा कान भिवंडीच्या यंत्रमागांनी खाल्ला. उरलेला घेऊन ते पाड्यावर परतले, आणि एकदा भर पावसात शाळेच्या पत्र्याखाली उभे राहिले. बाई काय शिकवतात ते बाईंनाही ऐकू येत नव्हतं. पत्र्याखाली आवाज गिळणारी गादी बसवायची, हे तेव्हाच ठरलं, आणि मामा झाडाझुडपांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. लोक केळीचा घड बघत, मामा खोडाची सोपटं चाचपत. पेंढ्याच्या ढिगात डोकं खुपसून स्वप्नात असल्यासारखे पडून राहत. मामी हाका मारून दमली की बाहेर येऊन खुशीत म्हणत, "पेंढा बरा हाय." त्या पेंढ्याच्या पहिल्या गाद्या शेजारच्या म्हशीने खाल्ल्या. मामांनी तिला बोल लावला नाही.

स्वतःचा कान अर्धा, म्हणून चाचणीला सगळा पाडा. गादीमागून मामा बोलत आणि पलीकडचे सांगत, "काय आयकू नाय येत, मामा." केळ, अंबाडी, बांधावरच्या घायपाताच्या पानांचा धागा, म्हणजे वाख, सगळंच उत्तम. एवढं राबलेल्या माणसाचं मन कोण मोडणार? शेवटी मामांनी गादीमागून मामीच्या माहेरच्या गमती सांगायला घेतल्या. हसू काही भिडेला जुमानत नाही. केळीला सगळे हसले, अंबाडीला निम्मे. घायपाताला कोणीच नाही. फक्त मामी रागावली, कारण ती गादीच्या अलीकडे, मामांजवळ उभी होती.

वाखाच्या गाद्या पत्र्याखाली बसल्या. धो धो पावसात मागची एक पोरगी म्हणाली, "बाई, आज तुमी वरडत का नाय?" बाई खुर्चीत बसून हळू आवाजात कविता वाचत होत्या.

मग तपासणीचे साहेब आले. वर बघून म्हणाले, "शाळा आहे की गोठा?" सुट्टी संपायच्या आत गाद्या खाली.

आता पाऊस लागला की मामा ओटीवर बसून चांगला कान शाळेकडे करतात. मी साहेबांच्या नावाने बोटं मोडत असतो. मामा म्हणतात, "गप जरा. पोरं वाचतात का बघू दे." पत्र्याखेरीज काही ऐकू येत नाही. तरी ते बसून राहतात.

गाद्या मामांच्या माळ्यावर कोरड्या आहेत, शिडीही आहे. वाचून हळहळू नका. पुढच्या पावसाआधी या, आणि गादीचं एक टोक धरा.