बाळंतपण न होणाऱ्या गावात चंद्राबाई

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात विचारायचं काय आहे? पलूसच्या चंद्राबाई पाटलांना हा प्रश्नच मान्य नव्हता. पण एकुलती एक लेक संयोगिता राहत होती पार पृथ्वीच्या टाळूवर, उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड नावाच्या बेटावर. जावई वीरधवल मूळचा कोरेगावचा. तो तिथल्या एका हॉटेलात आचारी होता आणि संयोगिता त्याच हॉटेलच्या काउंटरला बसायची. सातवा महिना लागला तसा डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला साफ नकार दिला. झालं, चंद्राबाईंनी फोनवर जाहीर करून टाकलं, "मग माहेरच तिकडं येतंय."

भावकीनं कपाळाला हात लावला. चुलतदीर बिरदेव म्हणाला, "वैनी, तितं पांढरी अस्वलं हायती म्हणं."

"असू देत की. मी काय त्यांच्याकडं उतरणार हाय व्हय?"

बॅगेत ज्वारीचं पीठ, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा असं सगळं ठासून भरलं. मनात मात्र एकच गोष्ट होती, की लेकीला आणि नातवंडाला कायमचं घरी घेऊन यायचं. यजमान, सुभेदार ज्ञानू पाटील, जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऊस होता, द्राक्षबाग होती, दारात गाय होती, पण संध्याकाळी भाकरी थापायची ती एकटीसाठी. चंद्राबाई तोंडानं कधी बोलायच्या नाहीत, पण या एकटेपणाला त्या विटल्या होत्या. लेक आता आली तर आली, नाहीतर परत येत नाही, हे त्यांनी पक्कं धरलं होतं.

बेटावर उतरल्या आणि पहिल्यांदा त्यांना वाटलं, इथं सगळं काढून नेलंय कुणीतरी. झाड नाही, बांध नाही, गुरं नाहीत. उघडेबोडके डोंगर, मे महिना असून त्यांच्यावर बर्फ, आणि खाली समुद्राच्या कडेला लाल-पिवळ्या लाकडी घरांचं एवढंसं गाव. सूर्य तर मावळायचं नावच घेईना. देवापुढं दिवा कधी लावायचा हा मोठा पेच पडला. शेवटी भूक लागली की लावायचा असं ठरवलं, आणि देवानंही काही तक्रार केली नाही.

खरा धक्का संयोगितानं दिला.

"आई, इथं बाळंतपण करत नाहीत. दवाखाना लहान आहे. दिवस भरायच्या आधी तीन आठवडे विमानानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जाऊन राहायचं. सगळ्याच बायका जातात."

"म्हंजे गावच्या समद्याच लेकी माहेरी जात्यात म्हण की," चंद्राबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आनि म्हातारी माणसं कुटं हायती? मला एक बी दिसंना."

"कमावता येतं तोवर राहायचं. नंतर सांभाळायला इथं कुणी नाही. मग जायचं."

"आनि मेल्यावर?"

"आई, काय विचारतेस गं. जमीन बारमाही गोठलेली असते, पुरत नाहीत इथं."

जन्मायचं नाही, म्हातारं व्हायचं नाही, मरायचंही नाही. मग हे गाव आहे तरी कुणाचं? आपल्याकडं नवा माणूस भेटला की पहिलं विचारतात, गाव कुठलं. चंद्राबाईंनी लेकीला दुभाषी करून तोच सपाटा लावला. दुकानातली बाई थायलंडची निघाली. हॉटेलात चादरी बदलणारी फिलिपिन्सची. बालवाडीची बाई नॉर्वेची, तीही कुठल्या तरी लांबच्या खेड्यातली. इथं राहायला व्हिसा लागत नाही, स्वतःचं पोट स्वतः भरता आलं म्हणजे झालं. त्यामुळं जगभरची माणसं येत होती, चार-सहा वर्षं राहत होती आणि जात होती. शंभर वर्षं गाव कोळशावर जगलं. आता उन्हाळ्यात प्रवाशांच्या बोटी येतात, हिवाळ्यात बर्फावरच्या गाड्या पळतात, आणि बर्फाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बाराही महिने असतात, त्यावर चालतं.

"आनि ह्ये घर?"

"हॉटेलचं. नोकरी सुटली की घर सुटलं."

तेव्हा कुठं चंद्राबाईंच्या डोक्यात उजेड पडला. "अगं, ही तर छावणी हाय," त्या म्हणाल्या. "क्वार्टर म्हण की सरळ." लग्नानंतर त्या सुभेदारांबरोबर पठाणकोटला राहिल्या होत्या. शेजारी पंजाबी, समोर मद्रासी, बदलीचा हुकूम आला की ट्रंक भरायची. त्या दिवसापासून बेट त्यांना परकं वाटेनासं झालं. थायलंडच्या बाईला तर त्यांनी भाकरी थापायला बसवलं.

जूनमध्ये नॉर्वेतल्या शहरात मुलगी झाली. बाळाला घेऊन सगळे बेटावर परतले, तशा चंद्राबाई पुढं होऊन घरात शिरल्या आणि बाळबाळंतिणीला उंबऱ्याबाहेरच थोपवलं. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी दोघींवरून ओवाळलं, आणि तुकडे मोडून दिले भिरकावून, एक डावीकडं, एक उजवीकडं. रीतच आहे ती. पाहता पाहता समुद्रपक्षी कलकलाट करत तुटून पडले. खांबांवर उभ्या घराखालून एक कोल्हाही डोकावला.

शेजारच्या घरातून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस धावत आला आणि मुकाट्यानं उरलेले तुकडे वेचायला लागला. हा खाणीतला कामगार. गेल्या वर्षी शेवटची खाण बंद झाली आणि तो आवराआवरीच्या कामावर राहिला होता. चंद्राबाईंच्या तो आधीच ओळखीचा होता. त्याला त्या भावजी म्हणायच्या, त्याला काय कळायचं ते कळो.

"आई, अन्न बाहेर टाकायचं नसतं इथं," वीरधवल ओशाळून म्हणाला. "वासानं अस्वल येतं. त्याला चटक लागली की ते वस्तीत शिरतं, आणि मग त्याला गोळी घालावी लागते."

चंद्राबाईंचा चेहरा उतरला. नातीची दृष्ट काढायला जाऊन एका मुक्या जिवाच्या मुळावर उठलो, असं वाटून त्या भावजींसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. तो हसला. हे कशासाठी करतात, त्यानं विचारलं. संयोगितानं सांगितलं, की बाळ पहिल्यांदा आपल्या घरात येतं तेव्हा करतात. त्यानं ते तुकडे हातात धरून बाळाकडं बराच वेळ पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या दारात खोकी रचलेली दिसली. काम संपलं होतं, म्हणजे घरही संपलं. चंद्राबाई लाडू घेऊन गेल्या. एवढी वर्षं राहिलात, वाईट नाही वाटत, असं त्यांनी लेकीकरवी विचारलं.

"वाटतं," तो म्हणाला. "पण तीस वर्षं आम्ही दोघं ह्याच घरात होतो. आता जातोय तेही दोघंच." आत त्याची बायको कपबश्या कागदात गुंडाळत होती.

चंद्राबाई घरी आल्या आणि भांडी घासत बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत धड.

परत निघायच्या आदल्या दिवशी संयोगिता बाळाला मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आई, आमचं ठरलंय. वीरधवल नोकरी सोडतोय. पलूसलाच काहीतरी हॉटेल काढू. तू एकटी असतेस, आमच्या जिवाला लागतं."

जे मागायला चंद्राबाई एवढ्या लांब आल्या होत्या, ते न मागता पदरात पडत होतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. तो एवढासा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलाही होता.

"जावयांना आवडतंय का हितलं काम?" त्यांनी विचारलं.

"आवडतं की. मलाही आवडतं. पण ते काय..."

"मग ऐक. तू वर्साची झालीस आनि तुजी आज्जी म्हणाली, मी एकली हाय, सुनेला गावाकडं लावून दे. आमी आलो. सुभेदार तिकडं, मी हिकडं. सुट्टीला आले की तू त्यांना मामा म्हणायचीस. ते हसायचे आनि मागल्या दारी जाऊन डोळं पुसायचे. पेन्शनीवर आले आनि दोन वर्सांत गेले. पठाणकोटला राहिलो तेवढाच आमचा संसार, संयोगिता. बाकी नुसती शेती केली मी." त्यांनी नातीच्या पायावरचं दुपटं सारखं केलं. "हितलं घर सुटंल तवा या. मी एकली हाय म्हणून येऊ नगा."

"आणि तू?"

"मला सवय हाय," चंद्राबाई म्हणाल्या. सबंध आयुष्यात लेकीशी त्या एवढं धडधडीत खोटं कधी बोलल्या नव्हत्या.