थेंब न सुटणारे सांधे

थेंबकाका धंद्याने प्लंबर. त्यांनी बसवलेल्या नळाला थेंब सुटला असं कुणी म्हटलं, तर ते भरलं ताट सरकवून पिशवी उचलत. त्यावरूनच हे नाव पडलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं.

गावाबाहेरच्या मैदानावर पत्र्याच्या दोन शेड होत्या. तिथे काही हौशी माणसं स्वतःच्या हातांनी लहान, दोन जणांची विमानं बांधत. लेक आणि जावई त्या नादाला लागले, तेव्हा काका "बघू तरी काय खूळ आहे" म्हणून गेले आणि स्वतःच त्यात गळ्यापर्यंत बुडाले.

कामं वाटली गेली. इंजिन आणि उडवणं जावयाकडे, चाकांचे ब्रेक लेकीकडे, आणि टाकीपासून इंजिनापर्यंतची पेट्रोलची नळी अर्थातच काकांकडे. लेक मोठ्या सिरिंजने ब्रेकचं तेल खालून, चाकाच्या बाजूने चढवी, म्हणजे नळीतली हवा वरून निघून जाते. मनासारखं होईना म्हणून तिने ते सगळं काढून पुन्हा केलं.

"काय गं, म्हशीला इंजेक्शन देतेस का?" काका म्हणाले.

"बाबा, आत बुडबुडा राहिला तर पायाखालचा ब्रेक स्पंजासारखा दबतो. मग थांबणार कसं?"

"तुझं होईपर्यंत माझे अख्ख्या इमारतीचे नळ बसवून झाले असते."

जावयाने बांधणीचं पुस्तक वाचून दाखवलं. पेट्रोलच्या सांध्यांना नळाची पांढरी टेप लावायची नाही, तिचे तुकडे आत सुटतात. फक्त पेट्रोलला टिकणारी पेस्ट लावायची.

"हे लिहिणाऱ्याने जन्मात एक नळ बदललाय का, विचारा त्याला," काका म्हणाले. सगळी शेड हसली. हसण्याने काकांना जोर चढला. त्यांनी आटे साफ केले, हाताच्या सवयीने टेप गुंडाळली, सांधे आवळले आणि जावयाच्या समाधानासाठी वरून पेस्टचं बोट फिरवलं. तपासायला आलेल्यांना पेस्ट दिसली. टाकी भरली, तर एकही थेंब सुटला नाही.

मग शेडमधले बाकीचेही "काका, एवढं बघा ना" म्हणू लागले. बेकरीवाल्याचा सांधा काकांनी आवळला. शेजारच्या शाळेतल्या मास्तरांच्या विमानाला गळती होती, ती मागच्याच आठवड्यात थांबवली. "तुमच्या हातात जादू आहे," मास्तर म्हणाले होते. काका दिवसभर त्याच धुंदीत होते.

रविवारी सकाळी जावयाने विमान पहिल्यांदा जोरात धावपट्टीवर पळवलं. उडवायचं नव्हतं, नुसतं पळवून थांबवायचं. लेक कडेला उभी होती. अर्ध्या वाटेवर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. विमान मात्र पळतच होतं. पट्टीच्या टोकाला दगडांनी भरलेला चर होता. मग चाकं करकरली, विमान थोडं तिरकं झालं आणि चराच्या अलीकडे उभं राहिलं.

जावई हसत उतरला. "मामा, ब्रेक झकास! इंजिन तेवढं रुसलं."

सगळे गोळा झाले. मास्तर पुढे येऊन कपाळावर हात मारत म्हणाले, "चूक माझी. तुमचं पेट्रोल मीच आणलं, गाळून घ्यायला हवं होतं. तुझ्या नवऱ्याला मी आज चरात घातलं असतं गं पोरी."

काकांनी कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी पांढरं, केसासारखं काही पडलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं मात्र, बोटांनी ओळखलं. आयुष्यभर हातांतून गेलेली वस्तू.

"काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कचरा," काका म्हणाले आणि मूठ मिटली.

मास्तरांचा चेहरा आणखी उतरला. काकांना ते दिसलं, तरी मूठ त्यांनी उघडली नाही. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला जावयापाशी रुमाल नव्हता, म्हणून तो तिला बाही पुढे करत होता. काका त्यांच्याकडे बघू शकेनात.

तेवढ्यात पलीकडे इंजिन सुरू झालं. मास्तर आपलं विमान घेऊन निघाले होते. त्यांच्या टाकीत दुसऱ्या डब्यातलं पेट्रोल होतं, त्यामुळे ते निश्चिंत होते. शेजारच्या आसनावर त्यांची बायको पट्टा लावत होती.

काकांच्या मनात आलं, मास्तरांचं विमान आठवडाभर उडतंय की! सगळ्याच सांध्यांतून तुकडे सुटतात असं कुठे आहे? हा विचार किती सोयीचा आहे, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

ते पळत सुटले. पंख्यापासून लांब, मास्तरांना दिसेल असे उभे राहून दोन्ही हातांनी "बंद करा" म्हणून खुणा करू लागले. इंजिन थांबलं. मागोमाग सगळे धावत आले.

काकांनी मूठ उघडली. "पेट्रोल चांगलं होतं, मास्तर. ही माझी टेप. पुस्तकात नको म्हटलं होतं, तरी लावली. कुणाला दिसू नये म्हणून वरून पेस्ट फासली. तुमच्यातही आहे."

मास्तरांच्या बायकोने पट्टा सोडला आणि उतरून शेडकडे चालू लागली. मास्तरांनी तो पांढरा धागा आपल्या बोटावर घेतला. "मघाशी ओळखलं होतंत?"

"हो."

"आणि मला माफी मागू दिलीत."

जावई म्हणाला, "मामा, मी तुमच्यापुढे वाचलं होतं ना?" त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता विचारत होता.

लेकीने पाना उचलला. सवयीने काकांनी हात पुढे केला, पण पाना तिच्याच हातात राहिला. मास्तरांचा सांधा तिने उघडला. आट्यांवरची टेप फाटून आतल्या बाजूला लोंबत होती.

"आणखी कुणाचं, बाबा?"

बेकरीवाला गर्दीतून म्हणाला, "माझ्या पोराला काल फिरवून आणलंय मी."

काकांनी त्याच्या विमानाकडे बोट केलं. लेक तिकडे निघाली आणि काका तिच्यामागून चालू लागले. दोन्ही शेडमध्ये, प्रत्येकाच्या देखत, कुठला सांधा आपला ते त्यांनाच दाखवावं लागणार होतं.