राख गार होईपर्यंत

दादा, मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णांमुळे माझी बस चुकली होती, आठवतं? पोरानं हुरडा खाऊन जावं म्हणून त्यांनी शेतात आगटी पेटवली होती. खाऊन झाल्यावर मी बॅग उचलली, तर म्हणाले, "बस गेली तर जाऊ दे. आदी आगटी इझव. राख गार लागल्याबिगर उठायचं न्हाई." बस डोळ्यांदेखत गेली. मी दुपारपर्यंत फाट्यावर धुसफुसत बसलो.

इथे चाकणला मी कंपनीच्या पेंट शॉपमध्ये सुपरवायझर आहे. रोज शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना उभं करून बजावतो, थिनरजवळ ठिणगी नको. सगळे माना डोलावतात. आणि गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तेच थिनर पाण्याच्या बाटलीत भरून आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर येतं. कशाला? तर बार्बेक्यूचे कोळसे लवकर पेटावेत म्हणून!

गेल्या हिवाळ्यात बाटली संतोषच्या हातात होती. वरच्या मजल्यावर राहतो, माझ्याच शिफ्टला असतो. कोळसे विझल्यासारखे दिसत होते. मी म्हणालो, "अरे, आत निखारा असेल." तर म्हणतो, "आज तरी सेफ्टी सोड की राव!" सगळे हसले. मीही हसलो. दादा, त्या माझ्या हसण्याची मला आजही चीड येते. त्यानं बाटली ओतली, जाळ उसळला आणि पनीरचं ताट घेऊन शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सुनीताचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पाण्याच्या टाकीखाली उभे होतो आम्ही, पण भरलेली एक बादली जवळ नव्हती.

तीन महिने तिला भाकरी थापता आली नाही. संतोष रोज विचारपूस करायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. आणि या गुरुवारी वर गेलो, तर पुन्हा तेच कोळसे, पुन्हा तीच बाटली. "एकदा झालं म्हणून रोज होतं का, भावा?"

माझं डोकंच फिरलं. बाटली हिसकावली, नको नको ते बोललो, टाकीतून बादली भरून कोळशांवर रिकामी केली. मसाला लावलेली कोंबडी तशीच कच्ची राहिली. पार्टीचा सत्यानाश केला म्हणत सगळे खाली गेले. जाऊ देत. मी राखेजवळ बसून राहिलो.

थोड्या वेळानं सुनीता वर आली. व्रणांचा तो हात तिनं आधी राखेवर धरला, मग अलगद टेकवला.

"गार झाली," ती म्हणाली. "चला घरी."

दादा, इतकी वर्षं मी या जागेला रूमच म्हणत आलो. घर म्हणजे तुम्ही सगळे. पण माझ्या बायकोचा हात इथे भाजलाय, आणि इथला विस्तव आता मलाच सांभाळायचाय. यंदा हुरड्याला आम्ही दोघं येतो. अण्णांना सांग, आगटी मी विझवीन. दुपारची बस गेली तर जाऊ दे, संध्याकाळच्या बसनं आम्ही घरी जाऊ.