ताईले सांगू नका

माझा धाकटा भाऊ रविवारी कपाशीवर फवारणी करत होता हे मला भर उपासनेत कळलं. दुसरं गीत संपून आम्ही नुकतेच खाली बसलो होतो. सोयाबीन कापणाऱ्या टोळीतला एक म्हातारा सायकल तशीच आडवी टाकून ख्रिस्तमंदिराच्या दारात आला आणि भावाचं नाव घेऊन म्हणाला, "वावरात पडला. तोंडाला फेस येऊन राह्यला."

सकाळी भावानं निरोप पाठवला होता की ताप आहे, उपासनेला येत नाही. मी त्याच्यासाठी प्रार्थनाही करून घेतली होती. म्हणून त्या म्हाताऱ्याला मी म्हटलं की तुमची काहीतरी चूक होतेय, तो घरी झोपला आहे. तेव्हा शेजारी बसलेली माझी भावजय उठली आणि दाराकडे पळाली. तिला माहीत होतं. पहाटे तिनंच त्याच्या पंपासाठी पाणी वाहून दिलं होतं आणि मग लुगडं बदलून माझ्या बाजूला येऊन बसली होती.

मी त्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं, आणि ख्रिस्ती घरं मोजून अठरा. माझे वडील प्रचारक होते. आमच्या घरात प्रभूचा दिवस म्हणजे विहिरीवरून पाणीसुद्धा आणायचं नाही, शनिवारीच भरून ठेवायचं. वडील गेले आणि त्यांची शिस्त माझ्याकडे आली. लग्न केलं नाही. शाळा आणि मंडळी, म्हणजे आमचं चर्च, एवढंच माझं जग. मंडळीच्या पंचांत चार पुरुष आणि मी. ठराव लिहायचं काम माझ्याकडे.

ती वर्षं कपाशीची वाईट वर्षं होती. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. लोक चिडचिडे झाले, लग्नं पुढे ढकलली, मंदिरातली बाकं रिकामी पडू लागली. मला तेव्हा मनापासून वाटायचं की आपण आज्ञा पाळत नाही, म्हणून देवानं हात काढून घेतला आहे. मी पंचांपुढे ठराव मांडला की जो कोणी रविवारी वावरात जाईल, त्यानं सगळ्या मंडळीपुढे उभं राहून कबुली द्यावी आणि रविवारचं काम सोडावं. तोपर्यंत त्याला प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर, मिळणार नाही. पंचांनी माना डोलावल्या. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, महिन्यातून एकदा तालुक्याहून यायचे, वयस्कर, हळू बोलणारे. ते म्हणाले की थोडं थांबू या, पण मी थांबले नाही.

ठराव सगळ्यांसाठी होता, लागू मात्र एकीलाच झाला. ती विधवा होती, मजुरीवर जगणारी, माझ्याच वयाची. ती मला "बाई, तुमी" म्हणायची आणि मी तिला अगंतुगं करायची. निंदण असो, कापणी असो की वेचणी, टोळी ज्या दिवशी निघेल त्या दिवशी तिला निघावं लागे. टोळीला रविवार नव्हता. ती अर्धा दिवस काम करून, उपासना निम्मी झाल्यावर धावत मंदिरात यायची, डोक्यात कापसाचे तंतू तसेच. कबुली द्यायला ती तयार होती. रविवार सोडते असं म्हणायला तयार नव्हती. "खोटं कसं सांगू, बाई," एवढंच म्हणाली.

पहिल्या महिन्यात ती सवयीनं पुढे आली, गुडघे टेकले, हात पुढे केले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ताट तिच्यावरून पुढे गेलं. तिनं थोडा वेळ हात तसेच धरले, मग जोडले, आणि दाराशी जाऊन बसली. त्यानंतर अकरा महिने ती दर उपासनेला आली आणि दाराशीच बसली.

तर त्या रविवारी आम्ही धावत वावरात पोचलो तेव्हा भाऊ बांधावर पडला होता, अंगावर फक्त चड्डी, आणि ही बाई त्याचं अंग चोळून चोळून धूत होती. शेजारच्या वावरात ती सोयाबीन कापत होती. टोळीचं प्यायचं पाणी होतं तेवढं तिनं त्याच्यावर ओतलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या गावात एक गडी असाच पडला, तेव्हा कपडे काढून अंग धुवा असं नर्सबाईंनी सांगितलेलं तिनं ऐकलं होतं. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, वारा उलटा होता, आणि भावानं तोंडाला नुसता दुपट्टा बांधला होता.

इथं मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. भावाला तसं पाहून मला आधी भीती वाटली नाही. आधी लाज वाटली. मंडळीच्या पंचाचा भाऊ, आमच्या वडिलांचा मुलगा, रविवारी, उघडा, आणि एका परक्या विधवेचे हात त्याच्या अंगावर. मी माझा पदर काढून त्याच्यावर टाकायला गेले. तिनं माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "झाकू नका बाई, धुवा." मग मी खाली बसले आणि धुवायला लागले. त्याचा श्वास घरघरत होता. डोळे उघडे होते, पण मी दिसत नव्हते त्याला.

ऑटोनं राळेगाव, तिथून गाडीनं यवतमाळचा मोठा दवाखाना. वॉर्डात फवारणीची विषबाधा झालेले कितीतरी गडी होते, कपाशीच्या गावागावांतून आलेले. विषावर दिलेल्या औषधानं त्यांना भ्रम व्हायचा, म्हणून हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. कोणी बैल हाकत होता, कोणी आईला शिव्या देत होता. भावाचेही हात बांधले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोलू लागला. मी वाकून ऐकलं. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "आज रविवार हाय. ताईले सांगू नका. ताईले सांगू नका."

मी खाटेचा दांडा धरून उभी राहिले. तो मृत्यूच्या दारात होता आणि त्याला देवाची भीती नव्हती, मरणाची नव्हती. माझी होती.

भावजय पायाशी बसली होती. मी तिला विचारलं की मला का सांगितलं नाही. अळी वाढत होती, दोन दिवस वाऱ्यामुळे फवारणी राहिली होती, सोमवारी पंप दुसऱ्याकडे जाणार होता, असं तिनं सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाले सांगितलं असतं तर तुमी जाऊ देल्लं असतं काय? सोबतीला गडी मिळत होता. पण तो गावात बोलला असता, म्हणून एकटेच गेले."

म्हणजे तो एकटा होता तो माझ्यामुळे. शाळेत मी मुलांना मारत नसे, आवाजही चढवत नसे. माझ्या धाकानं कोणी लपून विष फवारायला जाईल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती बाई एसटीनं दवाखान्यात आली. फडक्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि वेगळ्या डब्यात भावासाठी मऊ भात. टोळी सोडून आली होती. तिनं फडकं सोडून माझ्यापुढे ठेवलं, मी हात लावला नाही. शेवटी मी म्हटलं, "मी तुला अकरा महिने ताटावरून उठवलं." ती भाकरी मोडत होती, मोडतच राहिली. म्हणाली, "ते मंग पाहू. आधी खा. चेहरा पाहा कसा झाला तुमचा." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. त्या भाकरीपुढे मला काहीच करता येईना. मी जेवले.

भाऊ वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला तेव्हा हात थरथरत होते आणि जवळचं अंधुक दिसत होतं. त्यानं स्वतःच सांगितलं की ठरावाप्रमाणे मी उभा राहून कबुली देतो. पंच मंदिराच्या ओसरीवर जमले. सगळ्यांत ज्येष्ठ पंच म्हणाले, अरे तो आजारी माणूस, त्याला कसली कबुली, पाळकसाहेब घरी जाऊन प्रभुभोजन देतील. चौघांनी एका दमात होकार दिला. मी लिहायला लेखणी टेकवली आणि ती पुढे सरकेना. मी विचारलं, मग तिचं काय?

मग ज्येष्ठ पंच म्हणाले, "तिची गोष्ट वेगळी आहे. तिला पश्चात्ताप नाही."

हे वाक्य माझं होतं. वर्षापूर्वी याच ओसरीवर मी ते जसंच्या तसं बोलले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या भावानं खोटं बोलून तेच केलं होतं, जे ती उघड करत होती, आणि त्याला दया मिळायला एक मिनिटही लागलं नाही. दया कशी करायची हे आम्हा सगळ्यांना येत होतं तर. मी तो ठराव रद्द करा म्हटलं. दोघं तयार झाले, दोघं नाहीत. मी पाचवी. ठराव रद्द झाला आणि त्या दोघांपैकी एकाचं कुटुंब पुढे मंडळी सोडून गेलं. मास्तरीणबाईंच्या भावावर आलं तेव्हा शास्त्र बदललं, असं ते म्हणाले. ते पूर्ण खोटं नव्हतं.

पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना माझा निर्णय सांगितला. मी तिला अकरा महिने दूर ठेवलं, तर आता मीही अकरा महिने प्रभुभोजन घेणार नाही. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई," ते म्हणाले, "एक ठराव मोडला आणि लगेच दुसरा केलात. ख्रिस्ताच्या मरणात काही कमी राहिलं का, जे तुमच्या अकरा महिन्यांनी भरून निघेल?"

त्यांनी स्वतःबद्दलही सांगितलं. पहिल्या दिवशी मी मान हलवली तेव्हा त्यांनी ताट पुढे नेलं, ते का नेलं हे त्यांना अजून कळलं नव्हतं. माझा धाक त्यांनाही होता. तरी मी निर्णय सोडला नाही. शिक्षा न भोगता मोकळं होणं मला चोरीसारखं वाटत होतं.

त्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहिले आणि झालं ते सांगितलं. भावाच्या खाटेशी काय ऐकलं तेही. मग पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि सगळ्यांना पुढे बोलावलं. लोक उठले. मी खाली मान घालून बाकावर बसून राहिले. दाराकडून पावलं आली आणि माझ्याजवळ थांबली.

"उठा, बाई."

मी हळूच म्हटलं की मी येत नाही, तू जा.

"मंग मी बी नाही जात," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. त्या बाकावर ती आजवर कधी बसली नव्हती. सगळ्यांचं घेऊन झालं. पाळकसाहेब ताट हातात धरून आमच्याकडे पाहत उभे राहिले. आणि मला एकदम दिसलं की माझ्या पश्चात्तापानं मी तिला पुन्हा अडवून ठेवलं आहे. आधी माझ्या नियमानं, आता माझ्या प्रायश्चित्तानं. दोन्ही वेळा मध्ये मीच. मी घाईनं उठले. त्यात नम्रता वगैरे काही नव्हती, घाबरून उठले. आम्ही दोघी पुढे गेलो आणि गुडघे टेकले. तिचे हात सोयाबीनच्या शेंगांनी फाटलेले होते. भाकर तिला आधी मिळाली, मग मला. मला ती गिळता येईना, इतकं रडू आलं. आणि ती शांतपणे चावत होती, भूक लागल्यासारखी.

कृपा हा शब्द मी लहानपणापासून रोज उच्चारत आले. वडील गेले तेव्हा त्यांच्या कबरीवरच्या क्रुसावर तोच शब्द मी कोरून घेतला. मला वाटायचं ती चांगल्या वागणाऱ्यांना शेवटी मिळते, शाळेत बक्षीस मिळतं तशी. ती आधीच दिलेली असते, नको त्या हातांनी दिलेली असते, आणि घेताना इतकी अवघड जाते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. पूर्ण कळलं असं अजूनही म्हणवत नाही. कोणी उपासनेला उशिरा आलं की माझी नजर घड्याळाकडे जातेच.

एकदा मी तिला विचारलं की त्या अकरा महिन्यांत तुम्हाला माझा राग आला नाही का. मी तुम्ही म्हटलं याचं तिला हसू आलं. "आलता ना," ती म्हणाली. "लई आलता. तोंडही पाहू नये वाटे तुमचं. पण त्या दिशी दोन्ही हातांत तुमचा भाऊ होता."

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. बाभुळगावला डोळ्यांचं शिबिर होतं, आणि ते रविवारी होतं. तिला सोबत कोणी नव्हतं. मी गेले. जाताना एसटीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता; या वेळी तिकडे पहिलं गीत सुरू झालं असेल, माझी जागा रिकामी दिसली असेल, लोक काय म्हणत असतील. मी तिला म्हणणार होते की आपण गाडीतच थोडी प्रार्थना करू. बघते तर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं टाकून. मी तिच्या मांडीवरून घसरणारी केसपेपरची पिशवी उचलून माझ्याकडे घेतली आणि गप्प बसले.