सैल धरलेली पट्टी

दंडाची पट्टी दीड वीत लांब असते. कागदासारखी दिसते, पण पाण्यात पडली तरी फाटत नाही. तिच्यावर तीन रंग. लेकराचा डावा हात मोकळा सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, टोक खाचेतून ओढायचं आणि छोट्या खिडकीत कोणता रंग दिसतो ते बघायचं. हिरवा म्हणजे लेकरू बरं आहे. पिवळा म्हणजे जास्त खाऊ घाला. लाल म्हणजे सरकारी दवाखान्यात चौदा दिवस, आईसकट. पट्टी मांसात रुतू द्यायची नाही आणि सैलही सोडायची नाही. हे मला माझ्या बायकोनं शिकवलं, माझ्याच दंडावर लावून. खिडकीत बघून म्हणाली, "तुमच्या मापाची पट्टी सरकारकडे नाही. बैल मोजायची आणावी लागेल."

ती पौषात गेली. पोटात दुखतं म्हणत होती, पण खोलीवरची रजा घेत नव्हती. मी तिला ओढत दवाखान्यात नेलं नाही. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

खोली म्हणजे जळगावात मेहरूणच्या मागच्या अंगाला संस्थेनं बांधलेली पत्र्याची दोन खणांची जागा. शहरातले काही दुकानदार आणि एक निवृत्त शिक्षिका मिळून ती संस्था चालवतात. शिक्षिकेला सगळे ताई म्हणतात. दालमिलमध्ये डाळ निवडायला जाणाऱ्या बायका सकाळी सातला लेकरं आणून सोडतात आणि अंधार पडायच्या आत घेऊन जातात. लेकरांना दोन वेळा खायला मिळतं, दुपारी झोपायला मिळतं, आणि आयांना काळजी राहत नाही. बायको तिथं बारा वर्षं स्वयंपाक करत होती. मी त्याच बायकांच्या मिलमध्ये काट्यावर होतो. पोती चढवायची, वजन सांगायचं. गुडघे गेल्यावर घरी बसलो. ती गेल्यावर ताई म्हणाल्या, "आबा, घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा इथं या." गेलो. लेकरांना हात धुवायला लावायचे, फाटक लावायचं, भांडी मोजायची. महिन्यातून एकदा पट्टी लावायची.

पट्टी लावण्यापेक्षा मोठं काम बायको करायची, ते मला फार उशिरा कळलं. एखाद्या लेकराची पट्टी लाल आली की आई रडायला लागायची. चौदा दिवस वॉर्डात बसलं तर मिलमधली जागा जाते, दुसरी बाई तिच्या पाटावर बसते. तेव्हा बायको पिशवीत दोन लुगडी टाकायची आणि स्वतः वॉर्डात जाऊन राहायची. आई दिवसा मिलमध्ये, संध्याकाळी वॉर्डात. दिवसभर लेकराजवळ माझी बायको. त्या दिवसांत मी घरी कच्च्या भाकरी खायचो आणि कुरकुर करायचो. "जगाची पोरं सांभाळ, नवरा मेला तरी चालेल," असं म्हणायचो. ती म्हणायची, "तुम्ही कुठं मरता."

आम्हाला मूल झालं नाही.

आता पोरीबद्दल लिहितो. साडेतीन वर्षांची. आई साक्रीकडची, धुळ्याच्या पलीकडून कामासाठी जळगावात आलेली. बाप कुठल्याशा ट्रकवर होता, कधी असायचा, कधी नसायचा. पोर रडायची नाही, भांडायची नाही. फक्त खायची नाही. घास तोंडात घ्यायची आणि गालात धरून बसायची. आपल्याला वाटायचं गिळला. तासाभरानं बघावं तर तसाच. बायको तिला मांडीवर घ्यायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वरणात कुस्करून भरवायची आणि गालावर बोट दाबून म्हणायची, "चोर सापडला!" पोर खदखदून हसायची आणि हसता हसता घास खाली जायचा. ती युक्ती फक्त तिलाच जमत होती. शेवटच्या दिवसांत, बोलायला दम पुरत नव्हता तेव्हा, बायको मला एवढंच म्हणाली, "तिच्या गालात बघत जा."

मी बघत होतो. मांडीवर घेतलं, गालावर बोट दाबलं, चोर सापडला म्हणालो. पोर माझ्या मिशांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "माय कोठे गयी?" बायकोला ती माय म्हणायची. मी म्हणालो, गावाला. त्यानंतर तिनं माझ्या हातून चार घास खाल्ले तर तो चांगला दिवस. आषाढ सरेपर्यंत तिच्या हाताच्या काड्या झाल्या. ते सगळ्यांना दिसत होतं. तिच्या आईलाही दिसत होतं.

श्रावणातली पट्टी शुक्रवारी होती आणि त्या रविवारी कानबाई होती.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते, तिचे रोट असतात. घरात जेवढे पुरुष तेवढ्या सव्वा मुठी गहू घ्यायचा, घरीच दळायचा, त्याची जाड पोळी, म्हणजे रोट, देवीला करायची. आणि तो रोट फक्त आपल्या भाऊबंदकीत खायचा, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. पुनवेच्या आत संपवायचा, उरला तर जमिनीत पुरायचा. आमच्या घरी पुरुष मी एकटा. तरी बायको दरवर्षी माझी मूठ मोजून झाली की आणखी एक मूठ टाकायची. विचारलं तर म्हणायची, "पोटाला पुरायला नको का?" यंदा घरात दुखवटा. देवी बसणार नव्हती. शेजारी जात्याची घरघर ऐकू येत होती आणि मी रिकाम्या डब्यांसमोर बसलो होतो. हे सांगतो ते सबब म्हणून नाही. त्या शुक्रवारी माझं डोकं कुठं होतं, एवढंच सांगतो.

सकाळी पोरीच्या आईनं मला फाटकातच गाठलं.

"आबा, आज पट्टी तुम्हीच लावसात ना?"

"मीच."

"जरा देखीसन लावा."

"बघूनच लावतो. अजून आंधळा झालो नाही."

ती हसली, मग हसायची थांबली. "लाल उनी तं माले दवाखानामा बसनं पडी. परवा कानबाई शे. मागला साल सासरा गया, रोट चुकना. या साल बी चुकना तं सासू माले दारमा उभी करनार नही. म्हणी, जळगाव जाईसन देव बी सोडी दिना."

"आणि पोरीचं?"

"सोमवारले देवी बोळवतस आनि मी मंगळवारले हजर. मंग चौदा दिन बसाड, नही तं अठ्ठावीस दिन बसाड. आबा, तुमना पाया पडस."

खरंच वाकली. मी म्हणालो, "ऊठ, ऊठ. लोक बघतात."

मिलमध्ये मी तीस वर्षं काट्यावर होतो. काट्याला हवं ते बोलायला लावता येतं. पायाचा अंगठा टेकवला की वजन वाढतं, पोतं कडेला सरकवलं की घटतं. शेठ म्हणेल तसं. मी तसं पुष्कळ केलं आहे, आणि बायकोला सांगितलं की ती दोन दिवस बोलायची नाही.

दहा वाजता पोरीची पाळी आली. ताई वही घेऊन समोर बसलेल्या. मी पट्टी गुंडाळली. खिडकीत लाल. नुसता काठावरचा लाल नव्हे, भरलेला लाल. मी पट्टी सोडून पुन्हा गुंडाळली आणि या वेळी आत करंगळी घातली. खिडकीत पिवळं आलं. पोर माझ्या करंगळीकडे बघत होती.

"पिवळी," मी म्हणालो.

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "मला वाटलं होतं लालच येते की काय." आणि वहीत पिवळं लिहिलं.

त्या दिवशी मी तिच्या गालात बघितलं नाही.

शनिवारी त्या दोघी एसटीनं गेल्या. सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी मी फाटक उघडं ठेवून उन्हात उभा राहिलो. ताई म्हणाल्या, "आबा, सणाला गेलेली माणसं दोन दिवस उशिरानंच येतात." मी म्हणालो, हो. गुरुवारी मिलमधली एक बाई लेकरू सोडायला आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ती पोर गयी, आबा. काल पांझराना काठवर माती दिनी."

रविवारी संध्याकाळपासून जुलाब लागले होते. सोमवारी सकाळी देवी बोळवायची, सगळा गाव नाचत नदीवर, आई पोरीला कडेवर घेऊन त्यातच. मंगळवारी जीपमध्ये घालून धुळ्याला दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. अंगात काही शिल्लकच नव्हतं, तर ते तरी काय करणार? डॉक्टरणीनं आईला विचारलं, पोर एवढी वाळली, कुणी बघितलं नाही का? आई म्हणाली, "देखं ना. शुक्रवारलेच देखं. पिवळी व्हती."

हे मला तिनंच सांगितलं. राखीच्या आदल्या दिवशी ती परत आली, कारण मिलमध्ये तिच्या पाटावर दुसरी बसायला लागली असती. पोरीची वाटी आणि पांघरूण न्यायला खोलीवर आली. मी वाटी घासून ठेवली होती. तिनं ती पदरात बांधली आणि पदराच्या दुसऱ्या टोकाची गाठ सोडून काळपट तुकडा माझ्या हातावर ठेवला. रोट.

"बाहेरच्याला देत नाहीत गं," मी म्हणालो.

"तुम्ही बाहेरना कोठे? रविवारलेच तुमनासाठे काढी ठेयेल व्हता. तुम्ही व्हतात म्हणीसन मना रोट झाया. सासूनी माले जवळ बसाडं, तीन वरीसमा पयल्यांदा." मग म्हणाली, "पोरनी बी खादा. चांगला खादा, आबा. गालमा नही धरा."

ती माझ्या पाया पडली, त्याच जागी, फाटकात. या वेळी मी तिला ऊठ म्हणालो नाही.

ती गेल्यावर मी ताईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पट्टी लाल होती, मी करंगळी घातली. ताईंनी वही उघडून ते पान काढलं. त्यांचं वय माझ्याएवढंच आहे. डोळे पुसले, चष्मा घातला.

"आबा, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका."

"आईला सांगायला पाहिजे."

"सांगून तिला काय द्याल? आज तिला वाटतंय देवानं नेली. उद्या वाटेल आपणच नेली. रोटासाठी पाया ती पडली होती ना?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि हे बाहेर गेलं तर खोली बंद होईल. ही चाळीस लेकरं कुठं जातील? मिलच्या दारात, ट्रकच्या चाकाखाली."

त्यांचं खोटं नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो. आजही कळत नाही, लेकरांसाठी गप्प बसलो की स्वतःसाठी.

मला वाटलं होतं पुढची पट्टी ताई दुसऱ्या कुणाला लावायला सांगतील. नाही सांगितलं, दुसरं कुणी नव्हतं. भाद्रपदातल्या शुक्रवारी सकाळी फाटकात तीन बाया उभ्या. मला बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. त्यातली एक, नशिराबादहून येणारी, दीड वर्षाचा मुलगा कडेवर, पुढं आली.

"आबा, तुम्ही ऐकीसन घेतस म्हणे."

"कोण म्हणालं?"

तिनं पोरीच्या आईचं नाव सांगितलं. माझी स्तुती करत फिरत होती बिचारी. आबा माणूस आहे, आबाला बाईची अडचण कळते, म्हणून.

त्या मुलाला पट्टी लावली. लाल. पुन्हा लावली. लाल. ताई वही घेऊन समोर, आणि माझ्याकडे न बघता खाली बघत होत्या. मी म्हणालो, "लाल."

बाई भडकली. "तिना येळले दया उनी, मना येळले नही? ती काय तुमनी सगी व्हती?"

"तू कामावर जा," मी म्हणालो. "चौदा दिवस मी बसतो वॉर्डात तुझ्या मुलाजवळ. माझी बायको बसायची."

सगळ्या हसल्या. ती म्हणाली, "बायासना वॉर्डमा तुम्ही बससात? मिशा काढीसन?" मीही हसलो असतो, दुसरी वेळ असती तर. दुपारी मी दवाखान्यात जाऊन विचारूनही आलो. नर्स चांगली होती. म्हणाली, बाबा, इथं लेकरांजवळ बाईमाणूसच लागतं, आया अंगावर पाजतात, पुरुषाला ठेवता येत नाही. बरोबरच आहे तिचं.

परत आलो तेव्हा बाईनं मुलाला उचलून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी आणलं नाही. तिसऱ्या दिवशी मी नशिराबादला गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, भुसावळकडे कुठं विटांच्या कामावर गेली दोघं, लेकरू घेऊन. कुठं ते माहीत नाही. भुसावळकडे भट्ट्या किती, आणि मी कुठं कुठं फिरणार या गुडघ्यांनी? तरी दोन ठिकाणी जाऊन आलो. नव्हती.

म्हणजे सैल धरली तेव्हा एक गेलं आणि बरोबर धरली तेव्हा दुसरं गेलं. बायकोनं बारा वर्षं पट्टी बरोबर धरली आणि तिच्या हातून एकही गेलं नाही, कारण पट्टीच्या पुढं ती स्वतः जायची. ती जागा आता रिकामी आहे. ताईंनी चार ठिकाणी शब्द टाकला. वॉर्डात चौदा दिवस परक्याच्या लेकराजवळ बसायला कुणी बाई तयार नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही. मी तर बायको जात होती तेव्हासुद्धा कुरकुरत होतो.

रोटाचा तुकडा मी खाल्ला नाही. पुनव कधीच होऊन गेली. तो जमिनीत पुरायला हवा होता. बायको ज्या डब्यात गहू ठेवायची त्यात आहे, दगडासारखा झालाय. रोज डबा उघडतो आणि झाकण लावतो.

परवा पुन्हा पट्टीचा शुक्रवार आहे. ताई म्हणाल्या, "आबा, तुम्हीच लावा, तुमचा हात थरथरत नाही." नाही थरथरत. काल संध्याकाळी फाटक लावताना एक बाई कडेवर पोर घेऊन जवळ आली, वाकली आणि माझ्या पायांना हात लावून गेली. कशासाठी ते मला ठाऊक आहे.