आबांच्या होडीची नवी बॅटरी

आबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला मीच घाई केली आणि होडीची बॅटरी बदलायलाही मीच. माझा स्वभावच तसा. कुणाचं दुखणं दिसलं की मला त्यावर लगेच काहीतरी विकत आणायचं असतं.

आबा म्हणजे माझे वडील. नांदगावकडच्या धरणावर जाळी टाकून मासे धरतात. होडीच्या मागे विजेवर चालणारी छोटी मोटर आहे. तिला इतकी वर्षं शिशाची बॅटरी होती, घरच्या इन्व्हर्टरला असते तसली. रोज सकाळी घरातून काठापर्यंत आणि दुपारी काठावरून घरी ते ती पोटाशी धरून न्यायचे. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं तेव्हा आबा "बरं" म्हणाले. महिन्याभरात आईचा फोन आला, की बॅटरी पुन्हा त्यांच्याच पोटाशी आहे.

म्हणून मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून लिथियमची बॅटरी आणि तिचा चार्जर घेतला. बॅटरी एका हातानं उचलता येईल इतकी हलकी. दुकानदार सोबत एक छोटा मीटर देत होता, किती चार्ज उरलाय ते दाखवणारा. मी तो परत सरकवला. "आमच्या आबांना कानानं कळतं," म्हटलं, आणि चांगलं तोऱ्यात म्हटलं. तसं ते खरंच होतं. मोटरचा आवाज जरा पडला, की जाळं अर्धं राहिलं तरी आबा होडी वळवायचे. तिथून काठाला लागेपर्यंत बॅटरी पुरायचीच. त्यांचा हा अंदाज कधी चुकला नव्हता.

पहिले तीन दिवस आई फोनवर नुसतं कौतुक करत होती. चौथ्या दिवशी, शनिवारी, मी स्वतः बघायला गेले. सकाळी आबा पोरानं दप्तर न्यावं तशी बॅटरी हातात लटकवून काठावर उतरले.

"लय हलकी हाय गं बाई," म्हणाले. "आज पार पल्याड जाऊन येतो."

दुपारी वारा सुटला. मी आणि आई काठावर बसून जुनं जाळं सोडवत होतो. आबांची होडी लांब, ठिपक्याएवढी दिसत होती.

"या टायमाला ते माघारी फिरत्यात," आई म्हणाली.

"नवी बॅटरी आहे, जास्त चालते," मी म्हटलं. म्हणाले खरी, पण नजर हटेना. थोड्या वेळानं लक्षात आलं की होडी पुढे जात नाहीये. ती आडवी झाली होती आणि वाऱ्याबरोबर हळूहळू आमच्यापासून लांब सरकत होती.

आबांचा फोन नेहमीसारखा घरी, खुंटीवरच्या पिशवीत. मी दुकानदाराला फोन लावला.

"ताई, लिथियम शेवटपर्यंत एकाच जोरात चालते आणि मग एकदम बंद होते," तो म्हणाला. "म्हणून तर मीटर देत होतो मी."

आबा तिकडे आवाज पडायची वाट बघत जाळं टाकत राहिले असणार, आणि आवाज पडलाच नसणार. मीच आणली म्हणून त्यांनी काही विचारलंही नव्हतं.

होडीत एक वल्हं होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. एवढ्या वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवायचं म्हणजे पोटावर सगळा जोर, आणि ऑपरेशनला जेमतेम तीन महिने झालेले. त्यांनी वल्हं मारू नये असं मला वाटत होतं, आणि मारलं नाही तर ते येणार कसे, असंही वाटत होतं. आईनं शेजारच्या होडीवाल्याला फोन केला. तो नांदगावच्या बाजारात होता. यायला तासभर लागेल म्हणाला.

होडीतला आबांचा ठिपका उभा राहत नव्हता, हात हलवत नव्हता. नुसता बसून होता. बसूनच आहे की आडवा झालाय, तेही नीट दिसेना. मी चपला काढून पाण्यात शिरले. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं, मला पोहता येत नाही. गुडघ्यापर्यंत गेले तेव्हा आईनं ओढणी धरून मागे खेचलं. तीही रडत होती, पण शिव्या मलाच देत होती.

जवळजवळ दीड तासानं अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडच्या काठावर कांद्याला पाणी भरणारा एक शेतकरी बोलत होता. होडी वाऱ्यानं त्याच्या बांधाशी येऊन लागली होती. आबा त्याच्या खळ्यात चहा घेत होते.

स्कूटीवर आईला मागे बसवून, धरणाला वळसा घालून गेले. आबा धडधाकट दिसल्यावर मी आधी भांडलेच.

"हात तरी वर करायचा ना, आबा. आमचा जीव जायची वेळ आली होती."

आबांनी कप खाली ठेवला. "तुझी पिवळी वढणी दिसत व्हती मला," म्हणाले. "हात वर केला असता तर तू पाण्यात उतरली असती."

त्यांची नजर माझ्या सलवारीवर गेली. ती गुडघ्यापर्यंत ओली होती, वर गाळ लागलेला. आबांचं तोंड एकदम उतरलं.

"तुला पवायला शिकवायला पायजे व्हतं," ते म्हणाले.