सांडलेलं देवधान

त्या दिवशी चुलीपाशी बुढी होती, तिची पोटुशी सून सुनंदा होती, माही जाऊ पार्बता होती अन मी होती. दुसरं कोनी नोतं. पाह्यलं म्हननारे मंग लई निघाले.

माह्या घराले लागून तिचं घर. नाव काय, सारे बुढीच म्हनत. रानातलं काही रांधलं का पहिला घास तिचा. "आधी मी, मंग तुमी." घास गिळून उठे, सारं अंगन झाडे, हात धुवे, मंग म्हने, "खा आता, मी जित्ती हावो." तोवर आमी रिकामे ताटं घेऊन बसून. पार्बता चिडवे, "तुमचं झाडनं सरन तोवर आमी उपाशी मरू." "मर," म्हने, "पन इखानं नोको मरू."

नवरा गेला तवा तिचं पोरगं रांगत होतं. तिनं धानाचा रोवना केला, तेंदूपत्ता तोडला, पोराले वाढवलं. रडताना मी तिले पाह्यलं नाई. सुनेच्या दोन खेपा वाया गेल्या, तवाही नाई. ह्या खेपेले मात्र सुनेले घागर उचलू देत नोती. "बस व माय, तू आमचं बियानं हावस."

ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं खाचं नसते. पान्याच्या बोडीच्या काठाले आपोआप उगवते ते देवधान तिनं झोडून ठेवलं होतं. जंगलातली चारोळी होती. वरून सात्या, पावसाळ्यात उगवते त्या अळंब्या. पार्बता म्हने, "उपासाले सात्या चालते का व?"

"कोन्या बैलानं नांगरल्या त्या?"

दरसाली ती सात्या जंगलातल्या वारुळावरून आने. त्या साली वाघ फिरून राह्यला होता, कोनाले आत जाऊ देत नोते. म्हनून गावाजवळच्या बांबूखालच्या आनल्या. दिसाले तशाच पांढऱ्या. हळद, मीठ, कुटलेली चारोळी. वास असा, का पार्बता ताट घेऊन आधीच बसली.

तिनं घास खाल्ला, झाडू घेतला. अर्धं अंगन झालं अन थांबली. घामानं लुगडं भिजलं, तोंडातून लाळ. इकडे सुनंदाले भूक आवरत नोती, तिनं घास उचलला होता.

बुढीले बोलता येईना. धावत आली अन लाथ मारली. ताट उडालं, चुलीवरला भाताचा गंज उलथला, देवधान अंगनभर.

पार्बता वरडली, "बुढे, पागल झाली काय? देवाच्या अन्नाले पाय!"

मी ताट धरून बसलीच राह्यली. बुढी त्या भातावरच आडवी पडली. एका कोपऱ्याचा भात शेजारचं कुत्रं चाटून गेलं. ऑटो येईस्तोवर ते आमच्या समोर तडफडून मेलं. तवा आमाले समजलं.

बुढीनं दवाखान्याच्या फाटकापाशीच जीव सोडला. तोंड माह्या मांडीवर होतं.

सुनंदाले पोरगी झाली. आता शाळेत जाते. परवा दप्तर फेकून माह्यापाशी बसली. "आजी, माही बुढी देवाले लाथ मारून मेली का? पोट्टे म्हनते." गाव अजून हेच म्हनते. लाथ साऱ्याईले याद हाये.

वाचनाऱ्याईनो, माहं एक काम करजा. आमच्या इकडे आले, अन कोनी तुमाले त्या लाथेची गोष्ट सांगतली, तर भांडू नका. एवढंच विचारजा, मंग कुत्रं काऊन मेलं?